जर्सीच्या पाठीवरचे आडनाव

२०१४ च्या फुटबॉल विश्वचषकातील कोलंबिया आणि जपान यांच्यातला सामना निकालाच्या दृष्टीने फारसा महत्त्वाचा नव्हता, कारण कोलंबियाने बाद फेरीतले स्थान आधीच नक्की केले होते. कुयाबा शहरातल्या त्या सामन्याची पाच मिनिटे उरली असताना प्रशिक्षक होसे पेकरमन यांनी गोलरक्षक बदलला आणि फारिद मोंद्रागोन मैदानात उतरला. त्या दिवशी त्याचे वय ४३ वर्षे आणि ३ दिवस होते. विश्वचषकात खेळलेला तो तोवरचा सर्वांत वयस्कर खेळाडू ठरला; चार वर्षांनी इजिप्तच्या एसाम अल हदारीने तो विक्रम मोडला. १९९८ मध्ये इंग्लंडकडून ०-२ अशी हार पत्करल्यावर हाच मोंद्रागोन रडत मैदानाबाहेर गेला होता, आणि सोळा वर्षांनी सहकाऱ्यांनी त्याला शेवटच्या पाच मिनिटांसाठी ज्या मायेने मैदानात आणले, ती पाहताना मलाही भरून आले होते. पण माझे मन अडकले ते त्याच्या पहिल्या नावापाशी. कोलंबियातल्या काली शहरात जन्मलेल्या माणसाचे नाव फारिद कसे, हा प्रश्न मी त्या रात्री शोधायला घेतला. तो लेबनीज वंशाचा निघाला, आणि तेव्हापासून लेबनीज वंशाच्या व्यावसायिक खेळाडूंचा माग काढणे हा माझा छंद झाला.

अशा खेळाडूंच्या याद्या जागोजागी सापडतात. त्यांत ब्राझीलचा फुटबॉलपटू, ओहायोचा मोटार-शर्यतपटू, सिडनीचा रग्बीपटू आणि ओंटारियोचा हॉकीपटू एकाखाली एक मांडलेले असतात, आणि रक्तातच काहीतरी असावे असा वाचकाचा समज होतो. मला तो समज चुकीचा वाटतो. यांतला एकही खेळ लेबनॉनच्या डोंगरातून आलेला नाही. खेळ त्या देशाचा, जिथे कुटुंब उतरले. लेबनॉनचे म्हणून उरले ते बहुधा नाव. आणि ते नाव किती शाबूत राहिले, हे कुटुंबाने घर कधी सोडले यावर ठरले. म्हणून मी कोणत्याही खेळाडूच्या बाबतीत आधी विचारते ते हेच, की त्याचे आजोबा-पणजोबा बोटीने गेले की विमानाने.

बोटीने गेलेल्यांची गोष्ट १८८० च्या आसपास सुरू होते. माउंट लेबनॉन तेव्हा ऑटोमन साम्राज्यात होता. तिथली गावे रेशमावर जगत होती आणि रेशमाचा धंदा हळूहळू बसत चालला होता. तरुण मुले बैरूतहून मार्सेलला आणि तिथून न्यूयॉर्क, सांतोस किंवा ब्युनोस आयर्सला जाणारी बोट पकडत. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्या डोंगरात भयंकर दुष्काळ पडला आणि मागे राहिलेल्यांपैकी फार मोठा भाग भुकेने आणि रोगराईने मेला. त्यामुळे परत जाण्याचे कारणच अनेकांना उरले नाही. त्यांच्या कागदपत्रांवर ऑटोमन शिक्का असल्याने दक्षिण अमेरिकेत त्यांना ‘तुर्को’ म्हणू लागले. ज्या तुर्की राजवटीला कंटाळून माणसे निघाली, तिचेच नाव त्यांना चिकटले. अरब वंशाच्या खेळाडूला ‘एल तुर्को’ म्हणून हाक मारण्याची पद्धत अर्जेंटिनाच्या फुटबॉलमध्ये आजही आहे.

या पहिल्या लाटेतून आलेले सर्वांत मोठे नाव म्हणजे ब्राझीलचे फुटबॉलपटू मारिओ झागालो. त्यांच्या घराण्याची मुळे लेबनॉनमध्ये असून मूळ आडनाव झाकूर होते, असे सांगितले जाते. पोर्तुगीज जिभेवर ते असे काही रुळले, की त्यांचा फुटबॉल आयुष्यभर पाहिलेल्या कित्येकांना या नात्याचा पत्ताही नसेल. १९३१ मध्ये अलागोआस राज्यात जन्मलेले झागालो तान्हे असतानाच कुटुंबाबरोबर रिओला आले. १६ जुलै १९५० रोजी उरुग्वेने माराकाना मैदानावर ब्राझीलला हरवून विश्वचषक नेला, तेव्हा अठरा वर्षांचे झागालो सैनिकी सेवेत होते आणि त्याच मैदानात बंदोबस्तावर उभे होते. दोन लाखांच्या घरातली गर्दी एकाएकी गप्प झालेली त्यांनी प्रेक्षक म्हणून नव्हे, गणवेशातल्या शिपायाच्या नजरेने पाहिली. आठ वर्षांनी स्टॉकहोममध्ये विश्वचषकाच्या स्वीडनविरुद्धच्या अंतिम सामन्यात ब्राझीलने ५-२ असा विजय मिळवला, आणि त्यांतला चौथा गोल झागालोंचा होता.

खेळाडू म्हणून ते डाव्या बगलेवर खेळत, पण चेंडू हातचा गेला की धावत मधल्या फळीत परत येत. त्या काळी आघाडीच्या खेळाडूने असे करणे रूढ नव्हते. या सततच्या ये-जा करण्यामुळे त्यांना ‘छोटी मुंगी’ असे टोपणनाव मिळाले, आणि ब्राझीलची मांडणी चार-दोन-चारवरून चार-तीन-तीनकडे (बचाव, मधली फळी आणि आघाडी यांतले खेळाडू) सरकण्यात त्यांच्या पायांचा वाटा मोठा आहे. मला झागालोंबद्दल विशेष आदर वाटतो तो याच कारणाने. पेले आणि गारिंचा यांच्या बाजूला उभे राहून कष्टाचे काम स्वतःकडे घेणारा माणूस संघात असावा लागतो, आणि त्या माणसाला खेळ आतून कळलेला असतो. १९६२ मध्ये त्यांनी खेळाडू म्हणून दुसरा विश्वचषक जिंकला. १९७० मध्ये स्पर्धा तीन महिन्यांवर आली असताना झोआंव साल्दान्या यांना दूर करून प्रशिक्षकपद त्यांच्याकडे देण्यात आले, आणि मेक्सिकोत इटलीला ४-१ असे हरवून खेळाडू व प्रशिक्षक या दोन्ही नात्यांनी विश्वचषक जिंकणारे ते जगातले पहिले ठरले. १९९४ च्या विजेत्या संघातही ते मुख्य प्रशिक्षक पार्रेरा यांचे सहायक होते. मधल्या काळात त्यांनी कुवेत, सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिरातीच्या राष्ट्रीय संघांना शिकवले. अमिरातीला १९९० च्या विश्वचषकासाठी पात्र केले ते त्यांनीच, जरी प्रत्यक्ष स्पर्धेत संघ पार्रेरा यांच्या हाती गेला. ज्या भाषेतून आपले आडनाव आले असे म्हणतात, त्या भाषेच्या मुलखात हा माणूस पोर्तुगीज बोलणारा परदेशी तज्ज्ञ म्हणून वावरला. ५ जानेवारी २०२४ रोजी, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

अमेरिकेत उतरलेल्यांची नावे याहून थोडी अधिक टिकली, पण तीही इंग्रजी वळणाची झाली. जो रॉबी यांचे वडील लेबनॉनचे. दक्षिण डाकोटातल्या छोट्या गावात वाढलेल्या या वकिलाने १९६५ मध्ये लेबनीज वंशाचेच विनोदी अभिनेते डॅनी थॉमस यांच्या भागीदारीत मायामी डॉल्फिन्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ उभा केला, आणि सात वर्षांनी, १९७२ च्या हंगामात, त्या संघाने सतरापैकी सतरा सामने जिंकले. असा निष्कलंक हंगाम त्यानंतर कोणालाही साधलेला नाही. १९८७ मध्ये रॉबी यांनी सुमारे ११.५ कोटी डॉलरचे स्टेडियम खाजगी पैशाने, खास कक्ष आणि राखीव आसने आगाऊ भाड्याने देऊन बांधून दाखवले. त्यावर त्यांचेच नाव होते. पुढे मालकी बदलली आणि ते नाव उतरले. आज तिथे प्रायोजकाची पाटी आहे. एका वास्तूवर कोरलेले आडनावसुद्धा दहा वर्षे टिकू नये, याचे मला वाईट वाटते.

रॉबी यांचा संघ आधी मायामीच्या ज्या ऑरेंज बोल मैदानावर खेळत असे, तिथेच २३ नोव्हेंबर १९८४ रोजी डग फ्लुटी या महाविद्यालयीन खेळाडूने अमेरिकन फुटबॉलमधला सर्वाधिक गाजलेला चेंडू फेकला. फ्लुटीचे पणजोबा-पणजी लेबनॉनहून आलेले. उंची पाच फूट दहा इंच. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाल रचणारा खेळाडू, या जागेसाठी ती फारच कमी मानली जाई. बॉस्टन कॉलेज चार गुणांनी मागे होते, सहा सेकंद उरले होते, वारा समोरून होता. फ्लुटी मागे सरकला, उजवीकडे धावला आणि साठ यार्डांहून अधिक अंतरावर चेंडू भिरकावला. बचाव करणाऱ्यांना तो तिथवर पोचेल असे वाटलेच नसावे, कारण जेरार्ड फेलन त्यांच्या मागे निर्धास्त उभा होता आणि चेंडू थेट त्याच्या कुशीत आला. निकाल लागला ४७-४५. इतके करूनही उंचीचे कारण सांगत व्यावसायिक संघांनी त्याला दुय्यम मानले, तेव्हा तो कॅनडाला गेला आणि तिथल्या लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू सहा वेळा ठरला. १ जानेवारी २००६ रोजी त्याने टप्पा पडून उसळणारा चेंडू लाथेने गोलखांबांमधून घालवला. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये असा ड्रॉप किक १९४१ नंतर कोणीही साधला नव्हता. समोर संघ होता मायामी डॉल्फिन्स.

मोटार-शर्यतपटू बॉबी रेहॉल यांच्याबद्दल मी जरा थांबून लिहिणार आहे, कारण १९८६ ची इंडियानापोलिस ५०० ही शर्यत मी जुन्या चित्रफितींतून कितीतरी वेळा पाहिली आहे. लेबनीज आजोबांचा हा ओहायोतला नातू ज्या संघासाठी गाडी चालवत होता, त्याचे मालक जिम ट्रूमन कर्करोगाने अखेरच्या अवस्थेत होते. पावसामुळे शर्यत लांबली आणि ३१ मे रोजी झाली. शेवटच्या टप्प्यात केविन कोगन आघाडीवर होता. एका अपघातामुळे पिवळा झेंडा लागला, गाड्या संथ गतीने एकामागे एक धावू लागल्या, आणि हिरवा झेंडा पडला तेव्हा फक्त दोन फेऱ्या उरल्या होत्या. त्या क्षणाला रेहॉल यांनी कोगनच्या अर्धा श्वास आधी वेग घेतला आणि पहिल्या वळणापूर्वीच पुढे काढली. त्यांची अखेरची फेरी ही साऱ्या शर्यतीतली सर्वांत वेगवान फेरी होती, आणि पाचशे मैल तीन तासांच्या आत पूर्ण होण्याची ती पहिलीच वेळ. ट्रूमन शर्यतीनंतर अकराव्या दिवशी गेले. विजयमंचावर ते रेहॉल यांच्या शेजारी, अगदी कृश झालेले, दिसतात. याच शर्यतीत २०१३ मध्ये बाराव्या प्रयत्नाला विजयी झालेला ब्राझीलचा टोनी कानान हाही लेबनीज वंशाचा आहे. एकाच डोंगरातून निघालेल्या माणसांपैकी काहींचे नातवंड ओहायोत वाढले, काहींचे साल्वादोरमध्ये, आणि दोघांची नावे शेवटी एकाच चषकावर कोरली गेली.

दुसरी लाट विमानाने गेली. १९७५ ते १९९० हे यादवी युद्ध आणि त्याच्या आगेमागेची वर्षे यांत जे बाहेर पडले, त्यांच्या मुलांची नावे तशीच राहिली, आणि त्यामुळेच त्यांना मैदानावर दुसऱ्या प्रकारची किंमत मोजावी लागली. बैरूतमध्ये जन्मलेला रॉनी सेकली अथेन्समध्ये शिकला, १९८८ मध्ये मायामी हीट या नव्या बास्केटबॉल संघाने निवडलेला पहिलावहिला खेळाडू ठरला आणि एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये स्थिरावला. हाझेम एल मासरी लेबनॉनमधल्या त्रिपोलीत जन्मला आणि लहानपणीच कुटुंबाबरोबर सिडनीत आला. शहराच्या पश्चिमेकडचा कँटरबरी-बँक्सटाउन हा भाग लेबनीज वस्तीचा, आणि तिथला रग्बी लीगचा (तेरा जणांच्या संघाने खेळायच्या रग्बीचा) संघ म्हणजे बुलडॉग्ज. एल मासरी आयुष्यभर त्या एकाच संघाकडून खेळला. गोलसाठी चेंडू ठेवल्यावर त्याची संथ, मोजून-मापून घेतलेली पावले आणि मग बाजूच्या रेषेवरूनही खांबांमधून जाणारा चेंडू, हे दृश्य पाहिले की ‘एल मॅजिक’ हे टोपणनाव पटते. तो रमजानचे रोजे ठेवून खेळत असे. २००९ मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर २४१८ गुण होते, आणि हा विक्रम पुढची दहा वर्षे टिकला. पश्चिम सिडनीच्या अरब मुलांकडे वृत्तपत्रे संशयाने पाहत होती त्या वर्षांत हजारो प्रेक्षक एल मासरी हे आडनाव एका सुरात घेत होते. गुणांपेक्षा ही गोष्ट मला मोठी वाटते.

आइस हॉकीपटू नाझेम काद्रीचे आजोबा, त्यांचेही नाव नाझेमच, १९६० च्या दशकाच्या अखेरीस कफर दानिस या गावातून कॅनडात आले. आइस हॉकी हा साहित्यामुळे महागडा खेळ आहे. सात भावंडांत वाढलेल्या त्याच्या वडिलांना तो परवडला नव्हता, तो त्यांनी मुलाला खेळू दिला. २०२२ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या सेंट लुईस संघाच्या गोलरक्षकाशी टक्कर झाल्यावर काद्रीला वांशिक शिव्या आणि ठार मारण्याच्या धमक्या आल्या, आणि त्याला पोलीस संरक्षण द्यावे लागले. पुढचा सामना त्याच शहरात होता. त्यात त्याने तीन गोल केले. मग पुढच्या फेरीत अंगठा मोडला, शस्त्रक्रिया झाली, आणि तरीही स्टॅन्ली कप या उत्तर अमेरिकेतल्या हॉकी लीगच्या विजेतेपदाच्या चषकासाठीच्या अंतिम मालिकेतल्या चौथ्या सामन्यात तो परतला व जादा वेळेत विजयी गोल करून गेला. स्टॅन्ली कप जिंकणारा तो पहिला मुस्लिम खेळाडू. विजेत्या संघातल्या प्रत्येकाला तो चषक एक दिवस आपल्या गावी नेता येतो. काद्रीने तो ओंटारियोतल्या लंडन शहरातल्या मशिदीत नेला. वर्षभरापूर्वी याच शहरात एका मुस्लिम कुटुंबातल्या चौघांना रस्त्यावर गाडीखाली चिरडून मारण्यात आले होते. त्या चांदीच्या चषकाला हात लावायला जी मुले त्या दिवशी रांगेत उभी होती, त्यांच्यासाठी तो चषक म्हणजे केवळ खेळातला विजय नसणार.

एक योगायोग मला फार आवडतो, म्हणून सांगते. २००७ मध्ये जर्मनीच्या कोलोन शहरातल्या फुटबॉल क्लबने तीन खेळाडू घेतले: गोलरक्षक मोंद्रागोन, बचावपटू युसूफ मोहम्मद आणि मधल्या फळीतला रोडा अंतार. मोहम्मद लेबनॉनमधून आलेला, अंतार हा लेबनॉनचाच राष्ट्रीय खेळाडू असला तरी जन्मलेला पश्चिम आफ्रिकेतल्या फ्रीटाउनमध्ये, आणि मोंद्रागोन कोलंबियाचा. तिघे मिळून क्लबला पहिल्या विभागात घेऊन आले. स्थलांतराच्या तीन वेगळ्या वाटा ऱ्हाइन नदीकाठच्या एकाच कपडे बदलायच्या खोलीत येऊन मिळाल्या होत्या.

आता या नावांच्या परतीच्या प्रवासाबद्दल. लेबनॉनचा १९२५ चा नागरिकत्व कायदा वडिलांच्या बाजूने चालतो. लेबनीज स्त्रीला आपले नागरिकत्व मुलांना देता येत नाही. हा अन्याय तिथल्या स्त्रिया अनेक वर्षे मांडत आहेत आणि मला त्यांची बाजू पूर्णपणे पटते. रग्बी लीगचे नियम मात्र आई, वडील, आजी, आजोबा यांत भेद करत नाहीत. चौघांपैकी कोणीही त्या देशात जन्मलेले असले की खेळाडूला त्या देशाची जर्सी घालता येते. राज्य ज्या आजीला मोजत नाही, तिला हा खेळ मोजतो. याच नियमाच्या आधारावर सिडनीतल्या लेबनीज मुलांनी राष्ट्रीय संघ उभा केला आणि छातीवर लेबनॉनच्या झेंड्यावरचे देवदाराचे झाड लावले.

२००० च्या विश्वचषकात हा संघ पहिल्यांदा उतरला, न्यूझीलंडकडून ०-६४ असा हरला, पण कुक बेटांशी २२-२२ अशी बरोबरी करून गेला. २०१७ मध्ये कर्णधार होता रॉबी फराह. त्याने न्यू साउथ वेल्स आणि ऑस्ट्रेलिया या दोन्ही संघांकडून खेळून झाले होते. कारकिर्दीच्या उतरत्या काळात तो आईवडिलांच्या देशाच्या जर्सीत आला. त्या वर्षी लेबनॉनने फ्रान्सला २९-१८ असे हरवून विश्वचषकातला पहिला विजय मिळवला, आणि उपांत्यपूर्व सामन्यात टोंगाकडून केवळ दोन गुणांनी, २२-२४ असा पराभव पत्करला. न्यूझीलंडला नुकतेच हरवून आलेला तो टोंगाचा संघ होता. शेवटची दहा मिनिटे मी उभी राहून पाहिली.

आणि मायकेल चेइका. लेबनीज स्थलांतरितांचा हा सिडनीत जन्मलेला मुलगा युरोप आणि दक्षिण गोलार्ध या दोन्हींकडच्या सर्वोच्च क्लब स्पर्धा जिंकणारा रग्बी युनियनचा, म्हणजे पंधरा जणांच्या रग्बीचा, एकमेव प्रशिक्षक आहे: २००९ मध्ये आयर्लंडच्या लेन्स्टरबरोबर, २०१४ मध्ये सिडनीच्या वॅराताजबरोबर. २०१५ मध्ये त्याने ऑस्ट्रेलियाला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत नेले. २०२२ च्या शरदात तो अर्जेंटिनाच्या रग्बी युनियन संघाचा प्रशिक्षक होता, आणि त्याच वेळी इंग्लंडमध्ये चाललेल्या रग्बी लीग विश्वचषकात लेबनॉनचाही. दोन वेगळे खेळ, दोन वेगळे नियम, दोन संघ. शुक्रवारी, ४ नोव्हेंबरला, हडर्सफील्डमध्ये त्याच्या लेबनॉनने उपांत्यपूर्व सामन्यात ऑस्ट्रेलियाकडून, म्हणजे त्याच्या जन्मदेशाकडून, ४-४८ असा मार खाल्ला. मग तो दक्षिणेला लंडनकडे निघाला. रविवारी तिथल्या ट्विकनहॅम मैदानावर त्याच्या अर्जेंटिनाने इंग्लंडला ३०-२९ असे हरवले. अर्जेंटिनाला त्या मैदानावर असा विजय २००६ नंतर मिळालेला नव्हता.